त्रेचाळिसावी वाव

महापुरापासूनचे एकतिसावे वर्ष होते. पुनर्वसू नक्षत्र संपायला सात दिवस उरले होते आणि नदी घाटाच्या तिसऱ्या खडकाला लागली होती.

त्या राज्याला दोन काठ होते. अलीकडचा सखल, गवताचा. पलीकडचा उंच, दगडाचा. जनावरे आठ महिने अलीकडे चरत आणि पुष्य लागण्याच्या आत पलीकडे जात, कारण पुष्यात अलीकडचा काठ पाण्याखाली जाई. मधे नदी आणि नदीत एक तराफा. तराफ्याला वल्हे नव्हते, शीड नव्हते. या काठापासून त्या काठापर्यंत एक दोर ताणलेला असे; तो हातांनी ओढत ओढत पार व्हायचे. दोर ऐंशी वावांचा. दोन्ही हात पसरले की जेवढे अंतर, ती एक वाव. दोर एकच हंगाम टिके, म्हणून दरसाल नवा लागे. सगळे राज्य त्या दोराला लटकलेले होते, पण ते कोणी बोलून दाखवत नसे.

दोर वळायचा भिवा अस्वल. हात जड, बोलणे कमी, कामाचा ताठा पुष्कळ. त्याची रीत ठरलेली होती. अंबाडी डोहात अठरा दिवस कुजवायची, एक दिवस कमी नाही. मग बडवायची, धुवायची, विंचरायची, तेव्हा हाती वाख लागे. वाखाचा एक गाभा करायचा आणि त्याच्याभोवती तीन पदर वळायचे. आणि जी वाव ज्याने वळली, त्याने आपला एक केस तिच्या गाभ्यात घालायचा. हा केस बाहेरून दिसत नसे. दिसायची वेळ एकच. दोर तुटला, की पंच तुटलेली वाव उकलत आणि केस कोणाचा ते बघत.

दोर लांब, मोकळ्या दोरवाटेवर वळत, आणि त्याला दोघे लागत. पुढचा पदर वळत जाई. मागचा दुसऱ्या टोकाशी कमरेला दोर बांधून उभा राही. पीळ बसतो तसा दोर आखडतो. मागच्याने तेवढेच पुढे सरकायचे. जास्त सरकला तर पीळ ढिला पडतो, कमी सरकला तर पदर तुटतो. मागच्याचे नाव कोणी घेत नसे. पण पीळ धरला की नाही हे आधी त्याच्या कमरेला कळे, मग पुढच्याच्या हाताला. भिवा पुढचा असे. मागची असे ठकू, पांढरी शेळी. भिवा दमला की दोघे जागा बदलत आणि ठकू चार-दोन वावा वळे. त्या वावांत पांढरा केस जाई, बाकीच्यांत काळा.

हे महापुरापर्यंत. त्या वर्षी भर पाण्यात दोर तुटला आणि तराफ्यावरचे नऊ जीव गेले. पंचांनी त्रेचाळिसावी वाव उकलली. गाभ्यात पांढरा केस निघाला. शिक्षा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली होती. ठकूचा हात दोरावरून कायमचा उठला, आणि दरसाल पुष्याच्या पहिल्या दिवशी खेकडे येऊन तिला भादरू लागले. राज्यात वर्षे मोजायची ती त्या पुरापासूनच मोजू लागले. म्हणून यंदा कितवे साल, असे कोणी सहज विचारले तरी भिवा ऐकू न आल्यासारखे करी.

तीन वर्षांपूर्वी साळुंकी मुकादम झाली आणि दोरखाना उभा राहिला. साळुंकी वाईट नव्हती. चलाख होती आणि तिला गप्प बसलेले कोणी पाहिले नव्हते. तिने चार चाके बसवली, चाळीस वानरे कामाला लावली. चाळीस दिवसांचे काम पाच दिवसांत होऊ लागले. भिवाला तिने दोरखान्याच्या दाराशी एक सपाट दगड दिला आणि मानकरी म्हटले. तो दगडावर बसे. ती तीन वर्षे पाऊसही ओढीचा होता. नदी गुडघ्याएवढी राहिली आणि दोराला कोणी काही विचारले नाही.

यंदा तिसरा खडक बुडाला, तेव्हा साळुंकीने भिवाला आत बोलावले.

"या, भिवाकाका. दोर तयार आहे. हात फिरवून बघा. लोणी आहे लोणी."

दोराला मेण चोपडलेले होते. तो हळदीसारखा पिवळा चमकत होता. भिवाने हात फिरवला नाही. दोन बोटांत धरून दाबला. दोर बोटांत चपटा झाला.

"याच्या आत काय आहे?" त्याने जवळच्या वानराला विचारले.

"आतलं मला ठाऊक नाही, काका. मी बाहेरचा पदर बघतो."

"आतलं कोण बघतं?"

वानराने दुसऱ्या चाकाकडे बोट केले. तिथल्याने तिसऱ्याकडे केले. तिसरा मान खाजवत म्हणाला, "माझ्याकडे येतो तेव्हा तो बंदच असतो, काका. उघडून बघायचं काम मला कुठं दिलंय?"

भिवाने नख घालून दोर उकलला. गाभ्यात भाताचे तूस होते. आखूड तुकडे होते. वाख होता तो हिरवट, सहा दिवसांचा. अजून अंबाडीचा वास येत होता.

"अठरा दिवस कोण कुजवतं आता?" साळुंकी म्हणाली. "तीन वर्षं टिकला की नाही?"

"तीन वर्षं नदी झोपली होती."

"तुम्ही म्हणजे अगदीच. लोकांना भरवसा पाहिजे, एवढंच. दोन्ही टोकांना तुमचा एकेक केस लावा, बाहेरून दिसेल असा. आतलं आम्ही बघून घेऊ."

"केस आत असतो."

"आत असला तर दिसतो कोणाला?"

साळुंकीने मान तिरकी केली.

"तुम्ही नाही लावला तरी दोर जाणारच. पहिल्या फेरीची यादी तेवढी ऐका."

पूर्वी पहिली फेरी वळणाऱ्याची असे. नव्या दोरावर त्याने आधी एकट्याने पार व्हायचे, मग बाकीच्यांनी. आता दोर कोणा एकाचा नव्हता, म्हणून साळुंकीने यादी केली होती. यादीत सगळ्यांत वर भादरलेले होते. राज्यात भादरलेली एकच होती. तिच्यासोबत तिच्या दोन लेकी.

भिवा उठला आणि बाहेर आला. दगडावर बसला नाही.

ठकू बोरीच्या कुंपणाआड राहत असे. दोराला हात लावायचा नाही म्हणून ती केरसुण्या बांधी, आणि बांधायला सालीच्या पट्ट्या वापरी. एकतीस वर्षांत भिवा त्या कुंपणापाशी आला नव्हता. ती मान वर न करता म्हणाली, "वाट चुकलास का?"

"नाही."

"मग बस. दगड नाही माझ्याकडे मानाचा. मातीत बस."

भिवा मातीत बसला. त्याने दोराचे सांगितले, यादीचे सांगितले. ठकूचे हात चालूच होते.

"गाभ्यापुरता वाख आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "अठरा दिवसांचा. दरसाल करून ठेवतो."

"कोणासाठी?"

"हाताला सवय."

"आणि वरचे पदर?"

"चाकावर काढायचे. चाक वाईट नाही. त्याला खायला घालतात ते वाईट. त्या दोराच्या बाहेरच्या पदरांतला लांब, नीट कुजलेला वाख निवडून दिला तर वानरं दोन दिवसांत पदर काढतील. मग वळायला चार दिवस. पण दोघं लागतात."

"माझा हात दोराला चालत नाही. विसरलास?"

"चालेल असं करतो."

ठकूने केरसुणी खाली ठेवली. "त्यासाठी तोंड उघडावं लागेल, भिवा. एकतीस वर्षं मिटलेलं आहे. गंज चढला असेल."

भिवा खाली बघत राहिला. महापुराच्या वर्षीही नदी लवकर फुगली होती. दोर वेळेवर देणारा म्हणून त्याचे नाव होते आणि ते नाव त्याला मोडायचे नव्हते. शेवटची अंबाडी त्याने चौदाव्या दिवशी डोहातून काढली. त्रेचाळिसावी वाव त्या अंबाडीची. ती त्यानेच वळली, केस त्याचाच होता. दोर तुटल्यावर तुटलेले टोक पाण्यातून ओढून काढले ठकूने. पंच यायच्या आत तिने काळा केस काढला आणि आपला घातला. भिवाने ते पाहिले. ती एवढेच म्हणाली होती, "तुझा हात उठला तर पुढच्या वर्षी दोर कोण वळेल?" नंतर पंच आले. भिवा उभा होता. तो गप्प राहिला.

तेव्हापासून ठकूचे देणे त्याच्या मानेवर होते. ते वाखाने फिटणारे नव्हते, की मधाने.

"मलाही एक सांगायचं आहे," ठकू म्हणाली. "त्रेचाळिसाव्या वावेला पीळ धरला नव्हता. मला कमरेत कळलं होतं. मी बोलले नाही. तुला बोललेलं खपत नसे."

हे भिवाला ठाऊक नव्हते. तो उठला. त्याच्यापाशी हात सोडून दुसरे काही नव्हते, आणि तोंड उघडले की तेही जाणार होते.

नाईक होता गवा. दुपारी भिवाच्या सांगण्यावरून त्याने सगळ्यांना घाटावरच्या खडकापाशी जमवले. पाण्याचा आवाज एवढा होता, की बोलणाऱ्याला ओरडावे लागे. भिवा ओरडला नाही, म्हणून सगळे जवळ सरकले.

"त्रेचाळिसाव्या वावेतला केस माझा होता," तो म्हणाला. "काळा. अंबाडी चौदा दिवसांची होती. मला ते माहीत होतं. ठकूने केस बदलला तेही मला माहीत होतं."

मग एक म्हातारी सांबरीण पुढे आली. त्या तराफ्यावर तिचे पाडस होते. तिने भिवाकडे एकदा पाहिले आणि तोंड फिरवले. ठकूकडे वळून ती म्हणाली, "तुझ्या दारात मी एकतीस वर्षं थुंकले, बाई."

"पाऊस धुऊन न्यायचा," ठकू म्हणाली.

गव्याने भिवाला विचारले, "आजच का बोललास?"

"नवा दोर पोकळ आहे. तो वळायला ठकूचा हात पाहिजे."

साळुंकी फांदीवरून खाली आली. "नाईक, दोर तयार आहे. सात दिवस उरलेत. तयार दोर उकलून पुन्हा वळायचा, आणि कोणाच्या सांगण्यावरून? आत्ताच ज्याने स्वतः कबूल केलं त्याच्या?"

म्हणणे खोटे नव्हते. गवा विचारात पडला. पुष्कळांनी माना डोलावल्या.

"हा दोर कोणी केला?" गव्याने विचारले.

"सगळ्यांनी मिळून, नाईक. चाळीस जणांनी."

"मग सगळ्यांतल्या एकाने पुढं यावं. पहिल्या फेरीत त्याने एकट्याने बसावं. जुनी रीत आहे."

वानरांनी एकमेकांकडे पाहिले. एक म्हणाला, "मी फक्त चाक फिरवतो." दुसरा म्हणाला, "मी मेण लावतो, नाईक. मेणात काही खोट असेल तर बोला." तिसरा मागच्या मागे सरकला. चाळिसांतले कोणी पुढे आले नाही.

"तू बसशील?" गव्याने साळुंकीला विचारले.

"मी?" साळुंकी म्हणाली. "मला पंख आहेत, नाईक."

ती हे खरेच बोलली होती. तिला तराफा कधी लागलाच नव्हता.

गव्याने खूर आपटला. दोर उकलायचा ठरला. ठकूचा हात मोकळा झाला. भिवाचा उठला. "कायदा तोच आहे," गवा म्हणाला. "मान फक्त दुसरी. हाताने दोराला शिवायचं नाही. भादरणं दोरवाटेच्या कडेला, सगळ्यांच्या देखत."

दुसऱ्या दिवशी सकाळी खेकडे आले. भिवा दोरवाटेच्या कडेला बसला आणि खेकड्यांनी त्याला डोक्यापासून ढुंगणापर्यंत भादरले. काळ्या केसांचा ढीग पडला. अस्वल केसांखाली केवढे लहान असते हे राज्याला त्या दिवशी कळले. वानरांची पोरे हसली. भिवा उठला, नदीकडे पाहिले. चौथा खडक बुडाला होता.

वानरांनी चाके फिरवली. काय घालायचे हे ठकूने निवडून दिले, आणि घातलेले चांगले असले की चाके चांगले पदर काढतात हे दिसून आले. दोन दिवसांत तिन्ही पदर निघाले. गाभ्याला भिवाचा वाख होता, पण तो हाताळला ठकूने. भिवा लांब उभा राहून बघत होता. हात त्याने पाठीमागे धरले होते, कारण पुढे राहिले की ते आपसूक उठत.

तिसऱ्या दिवशी वळायला सुरुवात झाली. मागचा म्हणून एका दांडग्या वानराच्या कमरेला दोर बांधला. तो जोर लावून उभा राहिला. पीळ चढला, दोर आखडला आणि वानर जागचा हलला नाही. एक पदर ताडकन तुटला. दुसऱ्या वानराला उभे केले. तो भिऊन दोन पावले जास्त सरकला आणि तीन वावांचा पीळ उसळून सापासारखा वेटोळला. नंतर झाडाचा खुंट ठोकून पाहिला. ओल्या मातीतून खुंट वर आला. दुपार झाली होती. एकही वाव झाली नव्हती.

ठकूने घाम पुसला आणि भिवाकडे पाहिले.

"नाईक," ती म्हणाली, "कायद्यात हात म्हटलंय. कंबर म्हटलेली नाही."

गव्याने रवंथ थांबवला. "नाही," तो म्हणाला.

"मग ये, भिवा. मागं उभा राहा. हाताने शिवायचं नाही. आणि तुझं मला शिकवायचं नाही."

भिवा आयुष्यात शिकताना सोडून कधी मागचा झाला नव्हता. तो गेला. वानराने त्याच्या उघड्या कमरेला दोर बांधला. केस नव्हते, तेव्हा दोर कातडीला लागला. हात त्याने डोक्यामागे गुंफले. ठकूने पीळ दिला.

पहिल्या चार वावांत त्याला काही समजेना. ओढ आली की तो अडे, ढील आली की धावे. ठकू दर वेळी थांबे, काही बोलत नसे, पुन्हा वळे. पाचव्या वावेला त्याने डोळे मिटले. मग ते कमरेत कळू लागले. पीळ पदरातून सरसरत येई, कातडीपाशी थांबे आणि एक इंच मागू लागे. तो एक इंच दिला की बसे. हे सगळे ठकूने इतकी वर्षे केले होते आणि त्याने तिला कधी विचारले नव्हते, की तुला काय कळते.

संध्याकाळपर्यंत दहा वावा झाल्या. दुसऱ्या दिवशी पंचवीस. त्याच्या कमरेची कातडी सोलवटली. पाचवा खडक बुडाला. जनावरे बोचकी घेऊन घाटावर येऊन बसली होती आणि दर घटकेला कोणीतरी विचारी, "किती झाल्या?"

पाचव्या दिवशी सकाळी ठकू भराभर वळत होती. तिचा हात परत आला होता आणि ते तिला आवडत होते. चाळीस झाल्या. एक्केचाळीस. बेचाळीस. गर्दी मोजत होती. त्रेचाळिसावी वाव आली, पीळ सरसरत आला, भिवाच्या कातडीपाशी पोचला आणि थांबला नाही. घसरला. अगदी किंचित. केसभर.

भिवाने डोळे उघडले. ठकू चव्वेचाळिसावी वाव सुरू करत होती. शिकवायचे नाही, असे तिने सांगितले होते. हजार डोळे बघत होते. नदीला सहाव्या खडकापर्यंत दोन हात उरले होते. बाहेरून दोर सरळ होता, सारखा होता, सुंदर होता.

"ठकू," तो म्हणाला. "त्रेचाळीस. धरला नाही."

तिचा हात थांबला. तिच्या कपाळावर आठी चढली. ती आठी भिवाच्या ओळखीची होती. ती त्याची स्वतःची होती.

"माझ्या हाताला तसं लागलं नाही," ती म्हणाली.

"माझ्या कमरेला लागलं."

साळुंकी वरून म्हणाली, "एका वावेसाठी आता उकलणार? नदी बघा जरा."

ठकूने नदी बघितली नाही. ती भिवाकडे बघत होती. मग तिने चालत येऊन वाव उकलली. एका पदरात उकललेल्या दोराच्या गाभ्यातला हिरवट वाख मूठभर मिसळला गेला होता. निवडताना नजरेतून सुटलेला. तिने तो उचलून गर्दीला दाखवला नाही. बाजूला टाकला. चाळिसाव्या वावेपासून पुढचे सगळे उकलले, पदर नव्याने भरला आणि पुन्हा वळायला घेतले. त्रेचाळिसाव्या वावेशी ती एकदा वाकली आणि दोरवाटेच्या कडेचे काहीतरी उचलले. कुसळ असेल, असे भिवाला वाटले. पीळ आला, कातडीपाशी थांबला, एक इंच मागितला. त्याने दिला. बसला.

त्या उकलण्यात अर्धा दिवस गेला. तो भरून काढायला त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दोघे जेवले नाहीत. सहाव्या दिवशी मावळतीला ऐंशी झाल्या.

सातव्या दिवशी उजाडताच पाणमांजराने सुतळी पलीकडे नेली आणि सुतळीमागे दोर गेला. तो पिवळा नव्हता. राखी होता, खरखरीत होता. रीतीप्रमाणे ठकू एकटी तराफ्यावर बसली. मधल्या खडकापाशी भोवरा होता आणि तिथे तराफा असा काही हिसकला, की काठावरचे सगळे दोन पावले पाण्याकडे सरकले. दोर धनुष्यासारखा वाकला. ठकू ओढत राहिली. ती पलीकडे उतरली, तेव्हा कोणी आरोळी ठोकली नाही. सगळे मुकाट्याने रांगेत उभे राहिले.

दिवसभर फेऱ्या चालल्या. दुपारनंतर अलीकडच्या काठाची माती भिजून लोण्यासारखी झाली आणि दोराचा खुंट कलू लागला. भिवाने कोणाला हाक मारली नाही. खुंटापुढे जाऊन पाठ फिरवली. "बांधा," तो वानरांना म्हणाला. त्यांनी दोराचे टोक खुंटावरून सोडून त्याच्या कमरेला बांधले. तो पाय रोवून उभा राहिला. तराफा गेला की ओढ येई. तो तेवढेच देई. पाणी घोट्याला आले, गुडघ्याला आले. शेवटच्या फेरीत वानरे गेली. मेणवाला वानर तराफ्यावर चढताना थांबला. "काका, तुम्ही?"

"चल," भिवा म्हणाला. "ओढ."

तराफा पलीकडे लागता लागता कड्यावर आपटला आणि त्याचे ओंडके सुटून वाहून गेले. त्यावरचे सगळे वर चढले होते. अलीकडे भिवा एकटा राहिला. पाणी छातीला लागले होते.

आवाज पलीकडे पोचणार नव्हता. दोराला दोन हिसके आले. पुढच्याने मागच्याला दोन हिसके दिले, की त्याचा अर्थ एकच असे: सरक. भिवा सरकला आणि पाय सुटले.

राज्यातले झाडून सारे हात दोराच्या पलीकडच्या टोकाला होते. पाण्याने त्याला खाली नेले, वर आणले, एक ओंडका त्याच्या खांद्यावर आदळला. हात आपसूक दोराकडे गेले. त्याने ते मागे घेतले आणि पोटाशी धरले. दोर ओढून घेण्याआधीच प्रवाहाने त्याला मधल्या खडकाच्या खालच्या अंगाला नेले आणि दोर खडकाच्या धारेवर अडकून घासू लागला. ती जागा दोराच्या मधोमध होती. कोणत्या वावा त्या धारेवर होत्या हे त्याला मोजावे लागले नाही. भोवऱ्याने त्याला धरून ठेवले, पलीकडच्यांनी ओढून ठेवले, आणि त्या दोहोंच्या मधे तो दोर होता. भिवा कमरेत ऐकत राहिला.

पीळ घसरला नाही. भोवरा सुटला.

त्याला वर ओढून घेतले, तेव्हा तो सोललेल्या कंदासारखा दिसत होता. म्हाताऱ्या सांबरिणीने त्याच्या खाली पाला सारला. ठकू आली. तिने ओला दोर हातात घेतला आणि वावा मोजत मोजत खडकाने घासलेल्या जागेपाशी थांबली. बाहेरचे तंतू तुटून उभे राहिले होते. तिने दोन बोटांनी पीळ उघडला आणि भिवाच्या डोळ्यांसमोर धरला.

गाभा कोरडा होता. त्यात एक पांढरा केस होता, आणि त्याच्याशी लागून एक काळा.

भिवाने पाहिले. ठकूने बोटे काढली आणि पीळ आपला आपण मिटला.

"फिटलं," ती म्हणाली, आणि त्याच्या कमरेची गाठ सोडली.